वकिलाचा कंठ आणि विम्याचा कागद

दिवाळीत पेढीवर चोपड्यांचे पूजन होते, नोकरदाराच्या हाती बोनस पडतो आणि न्यायालयाला सुटी लागते. सुटीबरोबर वकिलाची मिळकतही विसावते. पण ही सुटी मोजक्या दिवसांची, म्हणून ती गोड वाटते. आजाराने वा अपघाताने दिलेली सुटी किती दिवसांची, हे कोण सांगणार? आणि तोवर घरची चूल कशावर पेटायची?

नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. ह्या मुलखात अक्राणीच्या डोंगरातून उतरलेला पक्षकार पावरी बोलतो, सपाटीवरचा अहिराणी, तर बाजारपेठेतला गुजराती. त्या सर्वांची कैफियत न्यायासनापुढे मांडायची ती वकिलाने. त्याचे भांडवल म्हणजे कंठ, स्मरण आणि डोळे. शेतकरी अंथरुणाला खिळला तरी जमीन बटाईने देता येते. कंठ कोणाला बटाईने देणार?

अपंगत्वाच्या विम्याचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट चटकन ध्यानी येते. ज्याला मालक होता, त्याला संरक्षण आधी लाभले. जर्मनीत बिस्मार्कच्या अमदानीत १८८९ साली अपंगत्व व वार्धक्य विम्याचा कायदा झाला, तो मुख्यतः मजुरांसाठी. आपल्याकडे कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली आला आणि कामगार राज्य विम्याचा १९४८ साली. गिरणीत बोट तुटले, तर कामगार भरपाई मागू लागला ती दया म्हणून नव्हे, हक्क म्हणून. वकिलाला मात्र मालकच नाही. मग त्याने हक्क मागावा तो कोणाकडे?

ह्यातला विरोध मोठा विलक्षण आहे. मोटार-अपघाताच्या दाव्यांसाठी १९५६ च्या दुरुस्तीने खास न्यायाधिकरणांची तरतूद झाली. तेथे जखमी माणसाच्या गेलेल्या कमाईचा हिशेब मांडतो तो वकीलच. राजकुमार विरुद्ध अजयकुमार ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली हा हिशेब फार स्पष्ट केला. डावा हात गेलेल्या सुताराची वा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ संपते. सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकते. म्हणजे शरीराची हानी एक आणि कमाईची हानी दुसरी. हेच माप वकिलाला लावून पाहा. पाय अधू झाला तरी तो कदाचित उभा राहील. वाचा गेली, तर धडधाकट देह असूनही त्याची वकिली संपली!

वकिलांसाठी काहीच झाले नाही, असे मात्र नाही. महाराष्ट्राने १९८१ साली वकील कल्याण निधीचा कायदा केला. वकीलपत्रावर लागणाऱ्या तिकिटाचा पैसा त्या निधीत जातो. ज्या राज्यांना असा कायदा नव्हता त्यांच्यासाठी संसदेने २००१ साली कायदा केला. त्यात पक्षाघात, कर्करोग, क्षय अशा दुखण्यांत सानुग्रह मदतीची सोय आहे. पण सानुग्रह म्हणजे कृपेने दिलेले. अर्ज करावा आणि समितीच्या निर्णयाची वाट पाहावी! जो जन्मभर दुसऱ्यांचे हक्क सांगत आला, त्याने उतारवयात कृपेसाठी हात पसरावा काय?

बाजारात अपघात विमा मिळतो. दोन्ही डोळे गेले तर विम्याची पूर्ण रक्कम पदरात पडते. काही विमापत्रांत काम बंद पडल्यास आठवड्याचा भत्ताही असतो. पण पक्षाघाताचा झटका हा अपघात नव्हे. गंभीर आजाराचा विमा वेगळा घ्यावा लागतो, आणि तोही ठरलेल्या आजारांना एकरकमी पैसे देतो. महिन्यामागून महिना घर चालवणारी रक्कम त्यातून येत नाही.

इंग्लंडच्या डॉक्टरांपुढे हाच प्रश्न होता. मालक त्यांनाही नव्हता. १८८४ साली त्यांनी आपल्यापुरती परस्पर-सहाय्याची विमा संस्था काढली. सर्वांनी हप्ता भरायचा आणि जो आजारी पडेल त्याला त्यातून भत्ता मिळायचा. ज्याला मालक नाही, त्याने व्यवसायबंधूंनाच जामीन केले!

नंदुरबार, शहादा, नवापूर, तळोदा येथील वकील बाररूममध्ये रोज एकत्र बसतात. चहाची वर्गणी जेथे विनातक्रार जमते, तेथे विम्याचा सामुदायिक हप्ता जमणे अशक्य का असावे? विमापत्र घेताना एवढेच पाहावे की, ‘अपंगत्व’ ह्या शब्दाचा अर्थ कागदावर काय लिहिला आहे. अशिलाला सही करण्यापूर्वी कागद वाचायला सांगणाऱ्याने आपलाही कागद एकदा वाचावा. लक्ष्मीपूजनाच्या रात्री त्या घरातली समई मग थोड्या निश्चिंत मनाने लागेल.