सभागृह नसलेल्या शहराचा निधी

दिल्लीहून शहराला येणारा पैसा एकटा येत नाही. त्याच्या आधी राज्यघटनेचं कलम असतं, वित्त आयोगाची शिफारस असते, योजनेच्या मार्गदर्शक सूचना असतात. पैशाबरोबर करार येतो आणि मागाहून खर्चाचा दाखला व लेखापरीक्षण. यातल्या बहुतेक टप्प्यांवर शहराच्या नावाने कोणाला तरी सही करावी लागते. बेळगावच्या बाबतीत ती सही कोणाची असायला हवी होती आणि त्या त्या वेळी खुर्चीवर प्रत्यक्षात कोण होतं, हे दोन प्रश्न शेजारी ठेवून गेल्या दोन दशकांचे जाहीर कागद वाचले, की सीमाभागाच्या इतिहासाची एक दुर्लक्षित बाजू समोर येते. सीमाप्रश्नावर भाषेच्या अंगाने आपण भरपूर लिहिलं आहे. नगराच्या तिजोरीच्या अंगाने मात्र फार थोडं.

पहिला कागद राज्यघटनेचा. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ रोजी अमलात आली. तोवर नगरपालिका ही राज्य सरकारच्या मर्जीवर चालणारी संस्था होती. बेळगावची नगरपालिका १८५१ पासूनची. म्हणजे मुंबई इलाखा, मुंबई राज्य, मग १ नोव्हेंबर १९५६ नंतर म्हैसूर आणि पुढे कर्नाटक, अशा सगळ्या राजवटी तिने पाहिल्या. पण तिच्या अस्तित्वाला घटनेचा आधार मिळाला तो १९९३ साली. कलम २४३-यू सांगतं की सभागृहाची मुदत पाच वर्षं. मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. बरखास्त केलं तर सहा महिन्यांच्या आत नवं सभागृह निवडून आलं पाहिजे. आणि बरखास्त करण्यापूर्वी त्याला म्हणणं मांडण्याची वाजवी संधी दिली पाहिजे. त्याच दुरुस्तीने कलम २८० मध्येही भर घातली. राज्याच्या वित्त आयोगाच्या शिफारशी लक्षात घेऊन नगरपालिकांच्या साधनांना जोड कशी द्यावी, हे सांगण्याची जबाबदारी केंद्रीय वित्त आयोगावर आली. नगरपालिकेचं सभागृह आणि केंद्राचा निधी एकाच दुरुस्तीने घटनेत आले, ही गोष्ट पुढच्या सगळ्या हकिकतीसाठी महत्त्वाची आहे.

दुसरा टप्पा २००५ चा. महाराष्ट्राने आदल्या वर्षीच सर्वोच्च न्यायालयात सीमाप्रश्नाचा दावा दाखल केला होता. ऑक्टोबर २००५ मध्ये महाराष्ट्र एकीकरण समितीचं बहुमत असलेल्या बेळगाव महापालिकेने शहराचा समावेश महाराष्ट्रात व्हावा असा ठराव केला. नोव्हेंबरात महापौर विजय मोरे यांच्या तोंडाला बेंगळुरात काळं फासण्यात आलं आणि त्याच महिन्यात कर्नाटक सरकारने महापालिका बरखास्त केली. आधार होता १९७६ च्या कर्नाटक महानगरपालिका कायद्याचा. ठरावाबद्दल कोणाचं मत काहीही असो. बरखास्तीने त्या एका ठरावापुरती कारवाई झाली नाही. घरपट्टी, पाणी, गटारं, दिवाबत्ती, वस्त्यांची कामं, या सगळ्यांवर बोलणारं सभागृह एका आदेशाने नाहीसं झालं.

आता तिसरा कागद शेजारी ठेवावा. ३ डिसेंबर २००५ रोजी, म्हणजे बरखास्तीनंतर काही दिवसांतच, केंद्र सरकारने जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान सुरू केलं. तोवर देशात शहरांसाठी एवढी मोठी केंद्रीय योजना झाली नव्हती. तिच्या मुख्य यादीत कर्नाटकातून बेंगळूर आणि म्हैसूर होती. बेळगाव-निपाणीसारख्या गावांसाठी त्याच अभियानाच्या छायेत छोट्या आणि मध्यम शहरांची वेगळी योजना आली. तिच्यात केंद्राचा वाटा ८० टक्के होता आणि उरलेला राज्य व स्थानिक संस्थेचा. अभियानाच्या पद्धतीत केंद्र, राज्य आणि नगरसंस्था यांचा त्रिपक्षीय करार होता, आणि अनिवार्य सुधारणांमध्ये पहिल्या क्रमांकाच्या गोष्टींपैकी एक होती ७४ व्या घटनादुरुस्तीची अंमलबजावणी. म्हणजे दिल्लीचा कागद शहरांना सांगत होता की निवडून आलेल्या सभागृहाला अधिकार द्या, तर निधी मिळेल. त्याच महिन्यात बेळगावात सभागृहच नव्हतं. शहराच्या जागी सही करायला होता तो राज्य सरकारने नेमलेला प्रशासक. कराराचे पक्ष कागदावर तीन, पण शहराचा पक्ष आणि राज्याचा पक्ष इथे एकच झाले होते.

घटनेची सहा महिन्यांची मर्यादा मे २००६ मध्ये संपली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबाद महापालिकेच्या संदर्भातल्या किशनसिंग तोमर खटल्यात निवडणुका वेळेवर घेणं हे घटनात्मक बंधन आहे असं स्पष्ट केलं. बेळगावची निवडणूक झाली ती २००७ मध्ये.

या काळात कोणत्या योजना सभागृहाविना चालल्या असतील, हे समजायला मोठ्या रस्त्यांपेक्षा छोट्या वस्त्यांकडे पाहावं. १ डिसेंबर १९९७ पासून स्वर्णजयंती शहरी रोजगार योजना होती. केंद्राचे ७५ टक्के, राज्याचे २५. तिचा सांगाडाच वस्तीतून वर जाणारा होता. गल्लीतल्या बायकांचे शेजारगट, त्यांच्या प्रतिनिधींची शेजारसमिती, त्यावर शहर पातळीची समुदाय विकास संस्था. लाभार्थी कोण, कोणत्या गल्लीत गटार आधी, कोणत्या बचत गटाला भांडवल, हे खालून ठरून वर नगरपालिकेत यावं अशी ती रचना. २०१३ मध्ये तिची जागा राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानाने घेतली. अशा योजनेत नगरसेवक हा पैशाचा मालक नसतो, पण वस्तीची तक्रार सभेच्या इतिवृत्तात नोंदवण्याचा हक्क त्याच्याकडे असतो. यादीतून नाव गळालं तर बाई आधी नगरसेवकाच्या दारात जाते. प्रशासकाच्या काळात ती बाई कचेरीत जाऊ शकते, अर्जही देऊ शकते. पण तिच्या अर्जावर सभेत प्रश्न विचारायला कोणी उरत नाही.

डिसेंबर २०११ मध्ये तेच पुन्हा घडलं. महापालिका दुसऱ्यांदा बरखास्त झाली आणि निवडणूक झाली मार्च २०१३ मध्ये. सहा वर्षांत दोनदा सभागृह गेलं आणि दोन्ही वेळा घटनेने दिलेली मुदत ओलांडली गेली.

चौथा कागद आहे २५ जून २०१५ रोजी सुरू झालेल्या स्मार्ट सिटी अभियानाचा. बेळगावला हा निधी लाभला. २८ जानेवारी २०१६ रोजी जाहीर झालेल्या पहिल्या २० शहरांत कर्नाटकातली दावणगेरे आणि बेळगाव ही दोन नावं होती. महाराष्ट्रातून पुणे आणि सोलापूर. केंद्राकडून प्रत्येक शहराला पाच वर्षांत सुमारे ५०० कोटी आणि तेवढीच रक्कम राज्य व स्थानिक संस्थेने घालायची. एवढा पैसा एकगठ्ठा बेळगावकडे यावा ही कौतुकाचीच गोष्ट. पण मार्गदर्शक सूचनांचं अंमलबजावणीचं प्रकरण नीट वाचावं. काम महापालिका करणार नाही, त्यासाठी कंपनी कायद्याखाली स्वतंत्र कंपनी काढायची. भागभांडवल राज्य आणि महापालिका यांचं निम्मं-निम्मं. प्रकल्पापुरते सभागृहाचे अधिकार कंपनीकडे आणि महापालिका कायद्यातले निर्णयाचे अधिकार कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे सोपवावेत असं उत्तेजन. अध्यक्षपदी विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी किंवा आयुक्त अशा अधिकाऱ्यांपैकी कोणी. महापौर, आमदार, खासदार आणि नागरिक यांना जागा होती ती सल्लागार मंचात. मंचाने सल्ला द्यायचा, निर्णय कंपनीने घ्यायचा.

तरीही या योजनेला एक दार सभागृहातून जात होतं. प्रस्ताव पाठवताना आणि कंपनी काढताना महापालिकेचा ठराव लागे. डिसेंबर २०१५ मध्ये नवी मुंबईच्या सर्वसाधारण सभेने कंपनीचा प्रस्ताव फेटाळला. पुण्याच्या सभेने लांबलेल्या चर्चेनंतर आपल्या उपसूचना जोडून तो मान्य केला. दोन्ही निर्णयांवर टीका झाली, दोन्हींची बाजूही मांडली गेली. पण आपल्या शहराचा अधिकार किती सोडायचा, यावर भांडायला तिथे सभागृह होतं आणि ते भांडण सभेच्या इतिवृत्तात उतरलं. निधीचा बचाव म्हणजे नुसता हात पुढे करणं नव्हे. तो कोणत्या अटीवर घ्यायचा, कुठे खर्चायचा आणि नंतर त्याची देखभाल कोण करणार, हे जाहीरपणे ठरवून घेणं हाही बचावच आहे.

बेळगावात पुढे काय झालं, ते तारखाच सांगतात. पहिल्या बैठकीपासून मोजली जाणारी सभागृहाची पाच वर्षांची मुदत मार्च २०१९ मध्ये संपली. निवडणूक ३ सप्टेंबर २०२१ रोजी झाली. ५८ पैकी ३५ जागा भाजपने जिंकल्या आणि पक्षचिन्हांवर लढवलेल्या या निवडणुकीत समितीची जुनी पकड सुटली. नगरसेवक निवडून आले तरी महापौर निवडला गेला ६ फेब्रुवारी २०२३ रोजी. म्हणजे जवळजवळ चार वर्षं शहराला महापौर नव्हता. या वेळी सीमाप्रश्नाचा ठराव नव्हता, बरखास्तीचा आदेश नव्हता. वेगळ्या पक्षाचं बहुमत आलं तरी खुर्ची रिकामीच राहिली. सत्ता कोणाचीही असो, सभागृह लांबवण्याची सोय राज्याच्या हाती राहते, हे या तारखांतून दिसतं. आणि स्मार्ट सिटीच्या कामांचा मुख्य काळ नेमका हाच. मंडोळी रस्ता, टिळकवाडीतलं कलामंदिर, कणबर्गीचा तलाव, व्हॅक्सिन डेपो, नियंत्रण केंद्र, या कामांवर शहर बोलत होतं. वर्तमानपत्रांत पत्रं येत होती, नागरिक कोर्टात जात होते. पण सभेत ठराव मांडून ‘हे थांबवा’ किंवा ‘हे आधी करा’ म्हणणारं कोणी नव्हतं.

याची किंमत कशी मोजावी लागते, हे शहापूरच्या एका रस्त्याने दाखवलं. बँक ऑफ इंडियाच्या चौकातून जुन्या पुणे-बेंगळूर रस्त्याकडे जाणारा रस्ता या काळात झाला. जागेच्या संपादनाचा प्रश्न न्यायालयात गेला आणि सुमारे २० कोटींच्या भरपाईचा बोजा महापालिकेवर येण्याची वेळ आली. २०२४ मध्ये त्यावर सभागृहाला बसावं लागलं आणि जागा मालकाला परत देण्याचा मार्ग निघाला. काम चालू असताना जे सभागृह नव्हतं, त्याच्यापुढे बिल मात्र आलं.

पाचवा कागद वित्त आयोगाचा. चौदाव्या आयोगाने २०१५ ते २०२० साठी नगरसंस्थांना ८७ हजार १४३ कोटींहून अधिक रक्कम सुचवली, आणि ती रीतसर स्थापन झालेल्या संस्थांसाठी. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ साठी नगरसंस्थांचा आकडा १ लाख २१ हजार ५५ कोटींवर नेला आणि अटी कडक केल्या. हिशेब वेळेवर जाहीर करा. घरपट्टीचे किमान दर ठरवा आणि वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या बरोबरीने वाढवा. दहा लाखांखालच्या शहरांसाठी ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांना बांधलेली, ४० टक्के मोकळी. २०११ च्या जनगणनेत पाच लाखांहून थोडी कमी लोकसंख्या असलेलं बेळगाव आणि ६० हजारांच्या घरातली निपाणी, दोन्ही याच गटात येतात. निपाणीसारख्या तंबाखूच्या गावाला ही मोकळी ४० टक्के रक्कम फार मोलाची. ती कोणत्या प्रभागात जाईल हे ठरवायचा हक्क गावाचा आहे. घरपट्टी वाढवण्याचा अप्रिय निर्णयही लोकांपुढे उभं राहून समजावण्याची ताकद निवडून आलेल्याच माणसात असते. प्रशासक दर वाढवू शकतो; ‘का वाढवला’ हे त्याला पुढच्या निवडणुकीत सांगावं लागत नाही.

अमेरिकेतला अनुभव इथे उपयोगी आहे. तिथे १९७४ पासून समुदाय विकास अनुदान योजना आहे. पन्नास हजारांवरच्या शहरांना त्यातून थेट केंद्राचा पैसा मिळतो. त्यातला किमान ७० टक्के कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या उपयोगी पडला पाहिजे, आणि खर्चाचा आराखडा नागरिकांसमोर मांडावा लागतो. २०१७ मध्ये ती योजनाच बंद करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा महापौरांनी आपापल्या शहरांत काय उभं राहिलं हे सांगत काँग्रेसपुढे बाजू मांडली आणि योजना टिकली. तो बचाव करता आला, कारण बचाव करायला महापौर होते आणि दाखवायला जाहीर आराखडे होते.

स्मार्ट सिटी अभियान ३१ मार्च २०२५ रोजी संपलं. उद्यानं, दिवे, कॅमेरे, रस्ते आता सांभाळायचे आहेत आणि त्यांचा खर्च महापालिकेच्या तिजोरीतून निघणार आहे. म्हणून बेळगावच्या आजच्या सभागृहासमोर तीन कामं आहेत. अभियानातल्या प्रत्येक मालमत्तेची किंमत आणि वार्षिक देखभालखर्च सभेच्या पटलावर ठेवून मंजूर करणं. तीन लाखांवरच्या शहराला घटनेच्या कलम २४३-एस ने सांगितलेल्या वॉर्ड समित्या खऱ्या अर्थाने चालवून वस्त्यांची मागणी लेखी घेणं. आणि ही कागदपत्रं कन्नडबरोबर मराठीतही देणं, कारण समितीचे नगरसेवक वर्षानुवर्षं हीच मागणी करत आले आहेत आणि न समजलेल्या विषयपत्रिकेवर कोणीही नीट प्रश्न विचारू शकत नाही. चौथी गोष्ट राज्य सरकारने करायची आहे. या सभागृहाची मुदत संपण्याआधी पुढची निवडणूक घ्यायची. १९९३ पासून कायदा तेच सांगतो आहे, आणि दिल्लीचा पुढचा रुपया बेळगावच्या कामी यावा यासाठी त्याहून मोठी तयारी दुसरी नाही.