वर्धा जिल्ह्यातील समन्स बजावणी व बेलिफांवरील शासकीय नियंत्रण : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

न्यायव्यवस्थेच्या इतिहासात न्यायाधीश, वकील व कायदे यांविषयी विपुल लेखन झालेले आहे. त्या मानाने न्यायालयाचा कागद पक्षकाराच्या दारापर्यंत नेणारा बेलीफ हा घटक उपेक्षित राहिला आहे. वस्तुतः दिवाणी दाव्यात प्रतिवादीचे भवितव्य पुष्कळदा त्याच्या अहवालावरच अवलंबून असते. प्रतिवादीस समन्स मिळालेच नाही आणि कागदोपत्री मात्र बजावणीची नोंद झाली, तर बाजू न मांडताच त्याच्याविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा होतो. पुढे दरखास्त, जप्ती आणि लिलाव हे टप्पे क्रमाने येतात. कापसाच्या पिकावर व सावकाराच्या कर्जावर अवलंबून असलेल्या वर्धा जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या दृष्टीने हा प्रश्न जमीन राहण्याचा वा जाण्याचा होता. या पार्श्वभूमीवर बजावणी करणाऱ्या कर्मचाऱ्यांवर शासनाने व न्यायालयाने कोणत्या मार्गांनी नियंत्रण ठेवले, याचा आढावा प्रस्तुत शोधनिबंधात घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) बजावणी कर्मचाऱ्यांवरील नियंत्रणाच्या विकासाचे टप्पे अभ्यासणे.
२) वर्धा जिल्ह्याच्या ग्रामीण समाजरचनेच्या संदर्भात या नियंत्रणाच्या मर्यादा तपासणे.

संशोधन पद्धती :

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायद्यांतील तरतुदी हा विवेचनाचा मुख्य आधार आहे.

विषय विवेचन :

अ) मसाला ते तलबाना :

मराठेशाहीत प्रतिवादीस हजर करण्यासाठी सरकारातून प्यादा पाठविला जाई. त्याच्या खर्चाची रक्कम ‘मसाला’ या नावाने ज्याच्यावर तो पाठविला त्याच्याकडूनच वसूल होत असे. ‘मोहसल’ दारात बसला म्हणजे त्याच्या निर्वाहाचा भारही त्याच घरावर पडे. म्हणजेच, हुकूम नेणाऱ्याचे उत्पन्न हुकूम ज्याच्यावर निघाला त्याच्याशी थेट जोडलेले होते.

१८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्यप्रांताची स्थापना झाली आणि १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा करण्यात आला. पुलगावजवळील कवठा येथील मुख्यालय १८६६ मध्ये वर्धा येथे आले. वर्धा, आर्वी व हिंगणघाट या तीन तहसिलींच्या या जिल्ह्यात आरंभीच्या काळात उपआयुक्ताकडे महसुली व न्यायिक असे दोन्ही अधिकार होते. बजावणीचे शुल्क ‘तलबाना’ या नावाने ओळखले जाई.

या शुल्काला निश्चित चौकट १८७० च्या न्यायालय शुल्क अधिनियमाने दिली. कलम २० नुसार बजावणीचे शुल्क व चपराशांचा मोबदला यांविषयी नियम करण्याचा अधिकार वरिष्ठ न्यायालयाला मिळाला. मात्र हे नियम सरकारच्या मंजुरीनंतर राजपत्रात प्रसिद्ध करणे आवश्यक होते. कलम २१ नुसार शुल्काचा तक्ता इंग्रजी व देशी भाषांत न्यायालयात दर्शनी भागी लावणे बंधनकारक झाले. कलम २२ अन्वये जिल्हा न्यायाधीश व जिल्हा दंडाधिकारी यांनी आपापल्या न्यायालयांसाठी चपराशांची संख्या ठरवावयाची होती. याप्रमाणे नियंत्रणाच्या पहिल्या टप्प्यात पैसा व मनुष्यबळ यांवर भर दिसतो. शुल्क पक्षकाराने न्यायालयात भरावयाचे, चपराशाच्या हाती द्यावयाचे नाही, ही भूमिका येथे रुजली.

ब) अहवाल, साक्षीदार व शपथ :

दुसऱ्या टप्प्यात भर पुराव्यावर आला. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश ५ या दृष्टीने महत्त्वाचा आहे. नियम १७ नुसार प्रतिवादीने समन्स घेण्यास नकार दिल्यास, अथवा वाजवी प्रयत्न करूनही तो न सापडल्यास, समन्सची प्रत घराच्या बाहेरील दारास चिकटवावयाची होती. अशी प्रत कोणत्या परिस्थितीत चिकटवली, घर कोणी दाखविले व कोणासमक्ष चिकटवली, याचा अहवाल बेलिफाने देणे आवश्यक होते. अहवालास प्रतिज्ञापत्राची जोड नसल्यास नियम १९ नुसार न्यायालयाने बेलिफास शपथेवर तपासावे, अशी तरतूद होती. जप्तीच्या कामातही मर्यादा होत्या. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी राहत्या घरात प्रवेश करण्यास कलम ६२ ने मनाई केली, तर कलम ६० ने शेतकऱ्याची अवजारे, उपजीविकेस आवश्यक जनावरे व बियाणे यांना जप्तीतून संरक्षण दिले.

तथापि, ही सर्व रचना गावातील साक्षीदार स्वतंत्र आहे असे गृहीत धरून उभी होती. मध्यप्रांतातील मालगुजारी पद्धतीत हे गृहीतक कमकुवत ठरते. मालगुजार हा गावाचा महसूल भरणारा प्रमुख होता आणि अनेकदा सावकारीही करीत असे. जेथे वादी स्वतः मालगुजार असेल, तेथे घर दाखविणारा व चिकटवणीस साक्षीदार राहणारा इसम बहुधा त्याच्याच आश्रयातील असण्याचा संभव होता. अशा वेळी अहवाल कायद्याच्या प्रत्येक अटीत बसूनही असत्य असू शकत होता.

दुसरी मर्यादा स्त्रियांच्या संदर्भात होती. प्रतिवादी घरी नसल्यास नियम १५ नुसार समन्स कुटुंबातील प्रौढ पुरुषाकडेच देता येई. पुरुष मंडळी शेतात वा बाजाराला गेलेली असताना घरातील प्रौढ स्त्री कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसे.

क) तुलनात्मक संदर्भ :

१८७५ च्या दख्खनमधील दंगलींनंतर नेमलेल्या आयोगाने एकतर्फी हुकूमनाम्यांच्या प्रश्नाची दखल घेतली. १८७९ च्या दख्खन कृषक साहाय्य अधिनियमाने पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांत प्रतिवादीची न्यायालयाने स्वतः तपासणी करण्यावर भर दिला. येथे बेलिफाच्या अहवालावर विसंबण्याऐवजी प्रतिवादीला प्रत्यक्ष ऐकण्याचा मार्ग स्वीकारलेला दिसतो. मध्यप्रांतातील वर्धा जिल्हा या व्यवस्थेबाहेर होता. मध्यप्रांतात कर्जदारास व्यापक दिलासा देण्याचा प्रयत्न १९३३ च्या कर्ज तडजोड अधिनियमाने, म्हणजे जागतिक मंदीनंतर झाला.

ड) स्वातंत्र्योत्तर कालखंड :

१९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी वर्धा जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाला. संविधानाच्या अनुच्छेद २३५ ने दुय्यम न्यायालयांवरील नियंत्रण उच्च न्यायालयाकडे सोपविले. बेलिफाचे वेतन राज्याच्या तिजोरीतून, तर दैनंदिन कामावर देखरेख नाझर व जिल्हा न्यायाधीश यांची, असे दुहेरी स्वरूप यातून स्थिर झाले.

१९७६ च्या दुरुस्तीने कुटुंबातील प्रौढ स्त्रीकडेही समन्स देण्याची तरतूद केली. फौजदारी प्रक्रियेत हाच बदल होण्यास मात्र भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ रोजी लागू होईपर्यंत वाट पाहावी लागली. १९७६ च्याच दुरुस्तीने, प्रतिवादीस तारखेची माहिती व हजर होण्यास पुरेसा वेळ होता असे दिसल्यास केवळ बजावणीतील अनियमिततेमुळे एकतर्फी हुकूमनामा रद्द होणार नाही, असे स्पष्ट केले. त्यामुळे खोट्या बजावणीइतकाच खोट्या तक्रारीचाही विचार कायद्यात आला.

२००२ पासून कुरिअर व ई-मेल यांसारख्या माध्यमांना मान्यता मिळाली. सालेम अधिवक्ता संघ प्रकरणी २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कुरिअरकडून खोटे अहवाल येण्याच्या भीतीची दखल घेऊन उच्च न्यायालयांनी सुरक्षेचे नियम करावेत, असे सुचविले. त्यानंतर ई-न्यायालय प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात ‘एनस्टेप’ ही प्रणाली आली. तीत बेलिफाच्या हातातील यंत्रावर बजावणीचे स्थळ व वेळ जीपीएसद्वारे नोंदविता येते.

निष्कर्ष :

१) नियंत्रणाचा भर शुल्क व संख्या, अहवाल व साक्षीदार आणि शेवटी स्थळ व वेळ अशा क्रमाने बदलत गेला.

२) प्रत्येक टप्प्यावर देखरेख मुख्यतः कागदाची झाली. दारात प्रत्यक्ष काय घडले हे पाहणारी स्वतंत्र यंत्रणा निर्माण झाली नाही.

३) साक्षीदाराच्या स्वातंत्र्याचा प्रश्न कायद्याच्या शब्दांपेक्षा गावाच्या सत्तारचनेशी निगडित होता. म्हणून वर्धा जिल्ह्यातील बजावणीचा इतिहास मालगुजारीच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

४) जीपीएसमुळे बेलीफ घरापर्यंत गेला होता हे सिद्ध होईल. समन्स योग्य व्यक्तीच्या हाती पडले काय आणि त्यातील मजकूर व तारीख तिला समजली काय, हे त्यातून सिद्ध होत नाही. निरक्षर वा कायद्याशी अपरिचित पक्षकाराच्या बाबतीत हीच उणीव निर्णायक ठरते. म्हणून एकतर्फी हुकूमनामा देण्यापूर्वी अहवालाची बारकाईने तपासणी करण्याचे न्यायाधीशाचे जुने कर्तव्य नव्या साधनांच्या काळातही तितकेच आवश्यक आहे.