खतखड्डे मोजले, कारभार कोण मोजणार?

पनवेल लोकलमध्ये जागा मिळाली नसेल तर एका हाताने दांडी धरा आणि ऐका. आजचा विषय आहे परदेशी पैसा आणि आपला गावचा कारभार.

सुरुवात ताज्या गोष्टीपासून करतो. फेब्रुवारी २०२५ आठवतोय? अमेरिकेच्या ‘डोज’ने रद्द केलेल्या खर्चांची एक यादी टाकली. त्यात एक ओळ होती, भारतात मतदानाचा टक्का वाढवण्यासाठी २ कोटी १० लाख डॉलर. झालं, टीव्हीवर धुरळा. पुढे ‘इंडियन एक्सप्रेस’ने कागद काढून दाखवलं की हा पैसा भारतासाठी नव्हताच, बांगलादेशसाठी होता. तोवर सगळ्यांची भांडून झाली होती. पैसे कोणाला मिळाले, कोणी घेतले, कोण कोणाचा एजंट. एक प्रश्न मात्र मला कुठेच ऐकू आला नाही: असा पैसा खर्च केल्यावर टक्का वाढतो का? आणि वाढला तर तो त्या पैशामुळेच वाढला, हे कळतं कसं?

मी सॉफ्टवेअरमधला माणूस. आमच्याकडे ॲपमधल्या बटणाचा रंग बदलायचा तरी मॅनेजर आधी विचारतो, फरक पडला हे दाखवणार कसं? अर्ध्या लोकांना जुनं बटण, अर्ध्यांना नवीन, मग तुलना. लोकशाहीसारख्या गोष्टीवर पैसे लावणाऱ्यांनी हे कधी केलं का, ते शोधत मी मागे मागे गेलो आणि थेट १९५२ ला पोचलो. तिथे एक पुण्याचे प्राध्यापक भेटले.

पण त्याआधी बीडीओ. पंचायत समितीत काम पडलं असेल तर हा शब्द तुम्हाला माहीत आहे. पाटीवर ‘गटविकास अधिकारी’ लिहिलेलं असतं, पण आपण सगळे बीडीओच म्हणतो. आपल्याकडे तालुके होते, प्रांत होते, मामलेदार होते. मग हा ‘गट’, म्हणजे ब्लॉक, आला कुठून?

तो आला सामूहिक विकास कार्यक्रमातून. २ ऑक्टोबर १९५२, गांधीजयंतीला देशभर ५५ प्रकल्प सुरू झाले. एका प्रकल्पात साधारण ३०० गावं आणि दोन लाख लोक. त्याचे तीन गट, प्रत्येकी शंभरेक गावांचे. खाली पाच-दहा गावांमागे एक ग्रामसेवक. या कल्पनेचं एक मूळ उत्तर प्रदेशातल्या इटावाच्या प्रयोगात होतं. तो १९४८ मध्ये अल्बर्ट मेयर नावाच्या अमेरिकन आर्किटेक्टने उभा केला होता. पैशाचं मूळही बऱ्यापैकी अमेरिकेत होतं. जानेवारी १९५२ मध्ये भारत-अमेरिका तांत्रिक सहकार्य करार झाला, ५ कोटी डॉलरचा, आणि त्यातला वाटा इकडे वळला. फोर्ड फाउंडेशनने सुरुवातीच्या १५ प्रायोगिक प्रकल्पांना आणि ग्रामसेवकांच्या प्रशिक्षणाला पैसे दिले.

अमेरिकेला एवढा पुळका कशाला? १९४९ मध्ये चीन कम्युनिस्ट झाला होता. आशियातलं गरीब खेडं मतपेटीच्या बाजूला राहणार की लाल झेंड्याच्या, ही वॉशिंग्टनची काळजी होती. राजदूत चेस्टर बोल्स या कार्यक्रमाचे मोठे समर्थक. म्हणजे विहीर, रस्ता, बियाणं हे सगळं होतंच, पण मूळ अपेक्षा अशी की खेड्यातला माणूस स्वतः पुढे येईल, चार लोक बसून ठरवतील, श्रमदान करतील. आजच्या भाषेत ‘गुड गव्हर्नन्स’. पुढे मुख्य खर्च आपल्याच तिजोरीतून झाला हेही सांगून ठेवतो, नाहीतर कमेंटमध्ये कोणीतरी ओरडेल.

आता ते प्राध्यापक. दत्तात्रेय गोपाळ कर्वे. एमपीएससीवाल्यांनी कान टवकारले असतील! हो, १९५५ ची ग्रामोद्योग आणि लघुउद्योगांची कर्वे समिती, तेच हे. पुण्याच्या बीएमसीसीचे प्राचार्य राहिलेले अर्थशास्त्रज्ञ. त्यांचं दुसरं काम फारसं कोणाला माहीत नसतं, आणि मला तेच जास्त मोठं वाटतं. सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला त्याच महिन्यात नियोजन आयोगाने एक वेगळी संस्था काढली, कार्यक्रम मूल्यमापन संघटना. कर्वे तिचे पहिले संचालक. तिलाही फोर्ड फाउंडेशनची मदत होती.

जरा थांबून बघा यात काय झालंय. कार्यक्रम राबवणारे वेगळे, मोजणारे वेगळे. राबवणाऱ्यांचे प्रमुख एस. के. डे, कमालीचे उत्साही गृहस्थ. मोजणारे त्यांच्या हाताखाली नव्हते. आमच्या धंद्यात डेव्हलपरने स्वतःचाच कोड टेस्ट करून ‘पास’ लिहू नये म्हणतात, तसंच. आणि ही सोय पहिल्या दिवसापासून होती. काम फसल्यावर चौकशी समिती नेमायची, हा आपला नेहमीचा क्रम इथे नव्हता.

कर्व्यांची माणसं निवडक प्रकल्पांत जाऊन राहायची. काही ठिकाणी सुरुवातीची स्थिती नोंदवून ठेवली गेली, म्हणजे नंतर तुलना करता येईल. दरवर्षी अहवाल निघायचा, आणि त्यात गुळमुळीत लिहिलेलं नसायचं. आकडे छान दिसत होते: इतके मैल रस्ते, इतक्या विहिरी, इतके कंपोस्ट खताचे खड्डे. पण अहवाल सांगत होते की लोक हा कार्यक्रम सरकारचा समजतात, आपला समजत नाहीत. सरकार देईल, आपण घेऊ. फायदाही जास्त कोणाला? ज्यांच्याकडे आधीच जमीन आणि पाणी आहे त्यांना.

खतखड्ड्यांची गोष्ट मला घरातून माहीत आहे. माझे मामा ग्रामसेवक होते, बऱ्याच नंतरच्या काळात. त्यांच्या रजिस्टरमध्ये दोनच रकाने महत्त्वाचे होते, ‘उद्दिष्ट’ आणि ‘साध्य’. गोबरगॅसचं उद्दिष्ट आलं की मार्चच्या आत प्लांट बांधून फोटो काढायचा. साध्य, १०० टक्के. पुढच्या पावसाळ्यात त्याच टाकीत कोणीतरी सरपण ठेवलेलं असायचं. मामा हे हसत सांगतात. रकाना भरला होता, खोटं काहीच नव्हतं.

तर १९५७. जानेवारीत बळवंतराय मेहतांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला गेला आणि नोव्हेंबरमध्ये अहवाल आला. निदान जवळपास तेच, पण औषध नवीन: गावकऱ्यांचा पुढाकार हवा असेल तर त्यांच्या हातात अधिकार द्या. सल्लागार मंडळं नकोत, निवडून आलेल्या संस्था हव्यात. गटाच्या पातळीवर निवडलेली पंचायत समिती, हा त्यातला मुख्य खांब.

महाराष्ट्राने हे जसंच्या तसं घेतलं नाही. १९६० मध्ये राज्य झालं आणि लगेच महसूलमंत्री वसंतराव नाईकांची समिती बसली. त्यांनी जोर दिला जिल्हा परिषदेवर. मेहता समितीत जिल्ह्याची संस्था सल्ल्यापुरती होती आणि अध्यक्ष कलेक्टर. नाईक समितीने कलेक्टरला बाहेर ठेवलं, खरे अधिकार आणि पैसा जिल्हा परिषदेकडे दिला आणि तिच्या हाताखाली मुख्य कार्यकारी अधिकारी नेमला. १९६१ चा कायदा आणि १ मे १९६२ पासून अंमल. आपला रायगड तेव्हा कुलाबा जिल्हा होता. ‘मिनी मंत्रालय’ म्हणून जे चालतं त्याचा जन्म हा असा.

आता अवघड प्रश्न. यात परदेशी मदतीचं यश किती? कार्यक्रम ठरवलेलं काम करू शकला नाही, पण त्याच मदतीतून उभ्या राहिलेल्या मोजणीने ते सांगितलं, आणि त्या चर्चेतून पंचायत राज आलं. अमेरिकन करदात्याला हे ‘साध्य’च्या रकान्यात लिहिता येईल का? मला वाटतं, नाही. चव्हाण, नाईक, सहकारातली माणसं, स्वातंत्र्याआधीपासूनची लोकल बोर्डं, हे सगळं इथे होतंच. फोर्डचा एक डॉलरही आला नसता तर काय झालं असतं हे बघायला दुसरा महाराष्ट्र नव्हता. आणि कार्यक्रम सगळ्या देशात पसरवायचंच ठरलेलं, मग तुलनेला न शिवलेली गावं उरणार कुठून?

ती तुलना पन्नास वर्षांनी झाली, आपल्याच राज्यात. जलस्वराज्य प्रकल्प, २००३ ते २००९, २६ जिल्हे, जागतिक बँकेकडून सुमारे १८ कोटी डॉलर. (हे सवलतीचं कर्ज होतं, दान नव्हे.) यातला पाण्याचा भाग सगळ्यांना आठवतो, पण कागदावर तो कारभाराचाही प्रकल्प होता. आधी ग्रामसभेचा ठराव, मग १० टक्के लोकवर्गणी, पैसा गावच्या समितीच्या खात्यात, महिलांची वेगळी समिती आणि खर्च तपासायला सामाजिक लेखापरीक्षण समिती, तीही गावचीच.

संशोधकांनी बुलढाणा, नाशिक, उस्मानाबाद आणि सांगली या चार जिल्ह्यांतली २४२ गावं घेतली, साडेनऊ हजार घरं. काही गावं प्रकल्पातली, काही तशाच परिस्थितीतली पण प्रकल्पाबाहेरची. दोन्हीकडे आधी मोजलं, नंतर मोजलं. समजा त्या वर्षी पाऊस चांगला झाला, तर पाणी दोन्हीकडे वाढणार. बाहेरच्या गावात जेवढं वाढलं ते प्रकल्पातल्या गावाच्या वाढीतून वजा करा. उरेल ते प्रकल्पाचं. कर्व्यांना हेच मिळालं नव्हतं.

निकाल? तीन वर्षांनी नळाचं पाणी आणि घरचं शौचालय वापरणारी घरं सरासरी १० टक्क्यांनी वाढली. पाणी आणण्यात-साठवण्यात जाणारा वेळ आणि पैसा धरला तर घरामागे महिन्याला ७ डॉलरपर्यंत बचत, म्हणजे घरच्या रोख खर्चाच्या ५ टक्के. गरीब आणि वंचित घरांना फायदा जास्त, १९५० च्या दशकापेक्षा अगदी उलट. पण स्वच्छतेच्या सवयी बदलल्या नाहीत आणि आजारपणाचा खर्चही कमी झाला नाही. मला हा निकाल आवडतो, कारण तो कोणाच्याच जाहिरातीत बसत नाही.

तरी बघा, ग्रामसभेत बोलायला उभी राहिलेली बाई पुढच्या वर्षीही बोलली का, हे या आकड्यांत नाही. नळ मोजता येतो. जगभर हीच अडचण आहे. फिन्केल, पेरेझ-लिन्यान आणि सेलिगसन यांनी २००७ मध्ये १९९० ते २००३ ची आकडेवारी तपासली आणि म्हटलं, यूएसएडचे लोकशाहीसाठीचे १ कोटी डॉलर म्हणजे फ्रीडम हाऊसच्या मोजपट्टीवर साधारण पाव गुणाची वाढ. पाव गुण! आकडा खोटा नाही, अभ्यासही गंभीर आहे. पण पाव गुण लोकशाही वाढलेल्या देशात सकाळी उठल्यावर काय वेगळं दिसतं, ते मला सांगता येणार नाही.

यूएसएड १ जुलै २०२५ ला औपचारिकरीत्या बंद झाली. कर्व्यांची संघटना २०१५ मध्ये नीती आयोगाच्या नव्या मूल्यमापन कार्यालयात विलीन झाली.

आणि आपल्याकडे? रायगड जिल्हा परिषदेची मुदत २०२२ मध्ये संपली, पनवेल महापालिकेचीही त्याच वर्षी. ओबीसी आरक्षणाचा खटला कोर्टात अडकला आणि राज्यभर अशा संस्थांवर प्रशासक बसले. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने चार महिन्यांत निवडणुका उरका असं सांगितलं, तोवर तीन वर्षं उलटून गेली होती. म्हणजे १९५७ च्या अहवालाने जी उणीव दाखवली, निवडून आलेलं माणूसच नाही, नेमकी तीच. या सगळ्या काळात जलजीवन मिशनचा डॅशबोर्ड मात्र एक दिवस बंद नव्हता. जिल्हा, तालुका, गाव, किती घरांत नळ, सगळं मोबाईलवर. मी तेव्हा मुद्दाम उघडून पाहिला होता, अगदी आपल्या तालुक्यापर्यंत. ‘निवडून आलेले सदस्य’ असा रकाना मला त्यात सापडला नाही.