तळटीप : रोअरिंग बिटमॅप

* लेखकाने हा शब्द वाचकाला ठाऊक असल्यासारखा वापरला आहे, म्हणून थोडा खुलासा. पोस्टग्रेस डेटाबेसला जोडायच्या रोअरिंग बिटमॅपच्या एक्स्टेन्शनमुळे पूर्णांकांचा अख्खा संच एकाच रकान्यात मावतो. साध्या बिटमॅपमध्ये दर संख्येमागे एक बिट असतो : संख्या संचात असली तर 1, नसली तर 0. पण 32 बिटी संख्यांचा असा पूर्ण तक्ता मांडायचा तर 512 एमबी जागा जाते, मग संचात दोनच संख्या का असेनात! डॅनियल लेमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर तोड काढली. संख्येचे वरचे 16 बिट पाहून तिचा कप्पा ठरवायचा आणि कप्प्यात फक्त खालचे 16 बिट ठेवायचे. कप्प्यात 4096 पर्यंत संख्या असतील तर त्यांची क्रमवार यादी. त्याहून वाढल्या की 65,536 बिटांचा तक्ता. हा 4096 चा आकडा हवेतून आलेला नाही. संख्येला 2 बाइट धरले तर एवढी यादी 8192 बाइटांची होते आणि तक्ताही नेमका तेवढाच भरतो. सलग संख्यांसाठी आरंभ व लांबी नोंदवणारा तिसरा प्रकार मागाहून आला. ‘काल आणि आज, दोन्ही दिवशी आलेले ग्राहक किती?’ अशा प्रश्नांचे उत्तर यामुळे झटपट मिळते. मात्र ‘कुठेही वापरावे’ हा लेखकाचा सल्ला आम्हाला पटत नाही. दहा-वीस विखुरलेल्या संख्यांसाठी साधा अ‍ॅरेच बरा. – संपा.