तळटीप : ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज

मूळ लेखात चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यमुलखातील हिवतापाच्या ओघात ज्या विकराचा ओझरता उल्लेख आला आहे, तो तांबड्या रक्तपेशींचे ऑक्सिडीकारक द्रव्यांपासून रक्षण करतो. म्हणूनच ज्यांच्या ठायी त्याची जन्मजात उणीव असते, त्यांना प्रायमाक्विन हे हिवतापावरील औषध दिल्यास त्या पेशी फुटून पांडुरोग व कावीळ संभवते. भारतातील आदिवासी समाजांत प्रामुख्याने आढळणारा त्याचा ‘ओरिसा’ हा प्रकार १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्यात ५१५ अमिनो आम्लांच्या साखळीत ४४व्या स्थानी अ‍ॅलॅनिनऐवजी ग्लायसिन असते. अशा भेदांचा तपशील पारखण्यासाठी मानवी जनुक ई. कोलाय जिवाणूत घालून जो विकर सिद्ध करतात, तो प्रयोगशाळेपुरता असतो. रुग्णास द्यावयाचे ते औषध नव्हे, हे वाचकांनी ध्यानी ठेवावे. — संपा.