चाल लावणारा माणूस

संगीत नाटकाच्या जाहिरातीत लेखक-दिग्दर्शकांच्या जोडीने संगीतकाराचे नाव वाचायची आपल्याला सवय आहे. मराठी रंगभूमीच्या आरंभी मात्र हा मानकरी स्वतंत्रपणे अस्तित्वातच नव्हता. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा पदे सूत्रधार गाई. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगले आणि पात्रे स्वतः गाऊ लागली. पण चाली कोणाच्या? अण्णासाहेबांच्याच, आणि त्याही बहुधा उचललेल्या. कीर्तनातली साकी-दिंडी, लावणीचा ठेका, कानडी पदांची वळणे त्यांच्या कानात घोळत असत आणि त्या साच्यात ते शब्द बसवीत. नाटकाच्या छापील प्रतीत पदाच्या डोक्यावर मूळ चालीचा उल्लेख असे, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. पुढे ‘वीरतनय’मधून श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी पारशी रंगभूमीच्या चाली आणल्या. उगम बदलला, तरी निवड नाटककाराचीच राहिली.

ही सत्ता १९११ साली हलली. ‘मानापमान’ लिहिताना कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी चालींचे काम गोविंदराव टेंब्यांवर सोपवले. टेंबे नामांकित पेटीवादक. त्यांनी पूरबकडची ठुमरी-कजरी नाटकात आणली आणि संगीतकार लेखकापासून वेगळा झाला. पाच वर्षांनी ‘स्वयंवर’साठी भास्करबुवा बखले आले. ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तिन्ही घराण्यांची तालीम घेतलेल्या बुवांनी बैठकीतल्या बंदिशी बालगंधर्वांच्या रुक्मिणीच्या गळ्यात घातल्या. ज्यांना मैफलीचे दार कधी उघडले नसते, अशा प्रेक्षकांना रागसंगीत नाटकाच्या तिकिटावर ऐकायला मिळाले. याची किंमतही होती. ‘वन्स मोअर’ झडत, प्रयोग रात्रभर चाले आणि कथानक ताटकळत उभे राही. लेखकाच्या हातून सुटलेली चाल आता गायकाच्या मुठीत गेली होती.

तिला नाटकाकडे परत आणण्याची पहिली खटपट आपल्याला १९३३ साली दिसते. बोलपट आले होते. खुद्द टेंबे प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’त भूमिका आणि संगीत दोन्ही सांभाळून बसले होते. अशा वेळी नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’त केशवराव भोळ्यांनी मोजकी, आटोपशीर, भावगीताच्या अंगाची पदे दिली. १९४२ साली ‘कुलवधू’त मास्तर कृष्णरावांनी हाच सुटसुटीतपणा रागदारीशी जुळवला. हे कृष्णराव भास्करबुवांचेच शिष्य, म्हणजे गुरूने लांबवलेले गाणे शिष्याने आवरले.

तरीही खरा तोल सापडायला पं. जितेंद्र अभिषेकी यावे लागले. गोव्यातल्या मंगेशीच्या या गायकाने १९६४ साली ‘मत्स्यगंधा’ला संगीत दिले आणि १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’ला. ‘कट्यार’मध्ये दोन गायकांचा, दोन गायकींचा झगडा आहे. तिथे चाल नुसती गोड असून भागत नाही. कोणता स्वर कोणत्या घराण्याचा, हे श्रोत्याला ऐकताक्षणी कळले नाही तर कथाच उभी राहत नाही. संगीतकार इथे पात्रे घडवू लागला. १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’मध्ये भास्कर चंदावरकरांनी त्यापुढचे पाऊल टाकले. त्यांनी नायक-नायिकेऐवजी माणसांच्या रांगेला गायला लावले आणि कीर्तन-लावणीचा जुना ऐवज राजकीय उपहासासाठी वापरला.

२०१७ साली आलेल्या प्राजक्त देशमुखांच्या ‘संगीत देवबाभळी’त तुकारामांची पत्नी आवली आणि विठ्ठलाची रखुमाई रंगमंचावर प्रत्यक्ष गातात. संगीत आहे आनंद ओक यांचे. अण्णासाहेबांप्रमाणे इथेही आधार भक्तिपरंपरेचाच, पण मधल्या काळात चाल लावणाऱ्याचे काम पालटले आहे. तेव्हा तयार चालीला शब्द जुळवले जात. आता दोन बायकांच्या दुःखातला फरक सुरांतून दाखवणे हीच संगीतकाराची जबाबदारी झाली आहे.