दोघांचें एक घड्याळ

कोल्हापूर जिल्ह्यांतील पेठ वडगांव येथें सेनापति धनाजी जाधव यांची समाधि आहे. १७०८ सालीं ते येथेंच निवर्तले. औरंगजेबाच्या अफाट फौजेला ज्यांच्या घोडदौडीनें जेरीस आणलें, त्या संताजी-धनाजींचीं नांवें महाराष्ट्र आजहि जोडीनेंच घेतो. परंतु पुढें या दोघांत वितुष्ट आलें, आणि १६९७ मध्यें संताजींचा घात झाला तेव्हां ही जोडी आधींच फुटलेली होती. वेग साधणें कठीण खरें. पण वेगानें धांवणाऱ्या दोघांचीं मनें एक राहणें त्याहूनहि कठीण.

वडगांवापासून जवळच, वाठार येथून, पुणें-बंगळूर हमरस्ता जातो. आतां या बाजूनें घोडेस्वारांऐवजीं सायकलस्वार दौडतात. पुणें ते गोवा ही सुमारें ६४० किलोमीटरांची ‘डेक्कन क्लिफहँगर’ शर्यत याच बाजूनें दक्षिणेकडे उतरते. तींत कोणी एकटा उतरतो, तर कोणी सोबत्यासह. दुसऱ्या स्वाराच्या आडोशानें चालण्यास तेथें मज्जाव असतो; खरी झुंज घड्याळाशीं.

या झुंजीची रीत इंग्लंडांतून आली. तेथें सायकलस्वार झुंडीनें रस्त्यावर धांवत. १८९४ सालीं अशाच एका शर्यतींत एका बाईच्या गाडीचा घोडा बुजला, अपघात झाला, आणि पोलिसांचा रोष ओढवला. तेव्हां फ्रेडरिक बिडलेक यांनीं तोड काढली. १८९५ मध्यें त्यांनीं ५० मैलांची शर्यत अशी योजिली कीं, एकेक स्वार ठराविक अंतरानें सुटावा, एकट्यानें धांवावें, व ज्याला वेळ कमी लागेल तो जिंकावा. या शर्यती पुढें पहाटेच्या वेळीं, गळ्यापासून घोट्यापर्यंत काळे कपडे घालून, गाजावाजा न करतां होऊं लागल्या. पुढच्या स्वाराच्या आड राहिल्यास वारा अडतो व मागच्याचे बरेच श्रम वाचतात. म्हणून असा आडोसा घेणें निषिद्ध ठरलें. ‘टाइम ट्रायल’ ती हीच.

परंतु मनुष्याला सोबतीची ओढ असते. इटलींतील ‘ट्रोफेओ बाराक्की’ ही शर्यत १९४९ पासून जोड्यांची झाली. तेथें दोघांनीं आळीपाळीनें पुढें राहून वारा झेलावयाचा. वेळ दोघांची मिळून धरली जाई. त्यामुळें सोबत्याला टाकून पुढें जाण्यांत कांहींच लाभ नसे. १९६२ सालीं फ्रान्सचा जाक आंकेतिल व जर्मनीचा रूडी आल्टिग हे एकाच संघांतील दोन स्वार तेथें उतरले. एकट्यानें घड्याळाशीं झुंजण्यांत आंकेतिलचा हात धरणारा त्या काळीं कोणी नव्हता. पण त्या दिवशीं शंभरांहून अधिक किलोमीटरांच्या वाटेवर त्याचें बळ सरलें. आल्टिगनें त्याला ओरडून जागें ठेविलें, पाठीला हात लावून पुढें ढकललें, आणि स्वतःचे पायहि चालू ठेविले. अखेर हीच जोडी अवघ्या ९ सेकंदांनीं जिंकली. एकाकी शर्यतींचा राजा त्या दिवशीं सोबत्याच्या हातावर तरला.

महाराष्ट्रांतील उदाहरण याहून मोठ्या पल्ल्याचें आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत जाणारी शर्यत १९८२ मध्यें अवघ्या चार स्वारांनीं सुरू केली. ‘रेस अक्रॉस अमेरिका’ हें तिचें पुढचें नांव. अंतर सुमारें ४,८०० किलोमीटर. २०१५ सालीं नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन हे बंधु जोडीनें तींत उतरले. जोडीला ९ दिवसांची मुदत असते. एकजण सायकल चालवितो, तेव्हां दुसरा गाडींत खातो, निजतो. घड्याळ मात्र दोघांसाठीं अखंड चालूच. या बंधूंनीं ८ दिवस, १४ तास व ५५ मिनिटांत शर्यत पुरी केली. सरासरी वेग ताशीं सुमारें २३ किलोमीटर, तोहि रात्रंदिवस! हातीं शिल्लक उरले ते जेमतेम नऊ तास. २०१७ मध्यें नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनीं हीच वाट १२ दिवसांच्या मुदतींत एकट्यानें पार केली. तो पराक्रमहि थोर आहे.

तथापि दोघांच्या शर्यतीचें मर्म निराळें आहे. निजलेल्याला जागणाऱ्यावर विसंबावें लागतें, आणि थकलेल्याला आपला थकवा वेळींच बोलून दाखवावा लागतो. तो अभिमानानें लपविला, तर दोघांचाहि वेळ बुडतो. बलवानानें दुबळ्याला हिणवलें, तर पुढचा घाट दोघांनाहि जड जातो. पायांचें बळ सरावानें वाढतें. सोबत्याच्या पडत्या घटकेला आपलीच घटका मानण्याचें बळ मात्र मनालाच कमवावें लागतें, आणि लांबच्या वाटेवर तेंच अखेरपर्यंत पुरतें.